बिलेसाठी ऑटो-लॉक घ्यायचंय: ग्रिग्री, निऑक्स, पिंच की अजून काही?

निवडुंग_फूल
नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

डिसेंबरअखेर आम्ही चौघं आठ दिवस बदामीला जातोय. तिथला लाल वालुकाश्म, बोल्ट मारलेले रूट (चढायच्या वाटा), सकाळ-संध्याकाळ नुसतं क्लाइंबिंग. आतापर्यंत माझं सगळं क्लबबरोबर झालं: रविवारी कृत्रिम भिंत, पाऊस सरला की नागफणी, तैलबैला. बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला शिकले ती फिगर ऑफ एटवर (आठच्या आकाराचं कडं), मग ट्यूबवर (दोर हातानेच धरायचं साधं डिव्हाइस) आले आणि तिथेच थांबले.

गेल्या रविवारी नवरा लीड करत होता, म्हणजे दोर खालून नेत, वाटेत बोल्टना अडकवत चढत होता. एकाच मूव्हवर सतरा वेळा लटकला असेल, आणि प्रत्येक वेळी 'टेक' (दोर ताणून धर) म्हणून हवेत गप्पा मारत बसतो. माझं वजन ४९, त्याचं ७८. अठराव्या वेळी 'टेक' म्हणायच्या आधीच सुटला. मी जमिनीवरून उचलली गेले, गुडघा भिंतीवर आपटला. दोर सोडला नाही, पण उजव्या तळव्याला चांगलाच चटका बसला. रात्री मलम लावताना दोघांनी ठरवलं की आता ऑटो-लॉक, म्हणजे झटका बसला की दोर धरणारं डिव्हाइस, घ्यायचंच.

आमचा दोर नवा आहे, ९.८ मिमी, ७० मीटर. क्लबचा दोर १०.५ चा, जुना, अंगावर लव आलेला. चौघांत मिळून एकच चांगलं डिव्हाइस घेऊ शकतो. काय घ्यावं, आणि का?

घसारा
ग्रिग्री.
पुढचा प्रश्न?

मुंब्रेकर
घसाराशेठ, एका शब्दात धागा संपवू नका, आम्हालाही लिहायचंय.

ताई, आधी शब्दाकडे बघू. 'ऑटो-लॉक' हा आपल्या तोंडचा शब्द. बनवणाऱ्या कंपन्या तसं म्हणायचं टाळतात, त्या 'ब्रेकला मदत करणारं' असं म्हणतात. यात नुसता कायदेशीर सावधपणा नाही, यंत्र खरंच तसं आहे.

ग्रिग्रीच्या पोटात एक कॅम असतो, आसावर फिरणारा धातूचा तुकडा. दोर सावकाश सरकत असेल तर स्प्रिंग त्याला मागे धरून ठेवते. झटका आला की दोर कॅमला आपल्याबरोबर ओढतो आणि कॅम दोराला आतल्या पट्टीवर दाबतो. दाराखाली पाचर बसावी तसं: दार जितकं ढकलाल तितकी पाचर घट्ट. पण पाचर बसायला आधी दार हलावं लागतं. क्लाइंबर अलगद, हळूहळू दोरावर बसला, दोर बारीक आणि नवा गुळगुळीत असला, किंवा तुमचाच अंगठा कॅमवर असला, तर पाचर बसत नाही. अशा वेळी ब्रेकच्या दोरावर हात नसेल तर दोर सुरसुरत निघून जातो. म्हणून ब्रेक हँड कधीच सोडायचा नाही, हा नियम ट्यूबला आहे तसाच इथेही.

दुसरं म्हणजे दोर उलटा भरला तर ग्रिग्री लॉकच होत नाही. अंगावर क्लाइंबर आणि हात अशी दोन चित्रं कोरलेली असतात ती त्यासाठीच. भरला की क्लाइंबरच्या बाजूचा दोर एक हिसडा देऊन बघायचा, क्लाइंबर जमिनीवर असतानाच. प्रत्येक वेळी.

गंमत म्हणजे नाव. ग्रिग्री पहिल्यांदा १९९१ मध्ये आलं, आणि आफ्रिकेत 'ग्रिग्री' म्हणजे चक्क ताईत! गळ्यात ताईत आहे म्हणून विहिरीत डोकावू नये एवढंच.

घसारा
मुंब्रेकरांचा प्रतिसाद म्हणजे पीएचडी. वाचनखूण साठवली.

दोरखंड
आम्ही कमरेभोवती दोर घेऊन बिले दिलाय, पाठीवर वळ उठायचे. मग फिगर ऑफ एट आला, तो आम्हाला चैन वाटला. आता कॅम, स्प्रिंग, हँडल. उद्या बिलेअरलाच घरी बसवतील.

म्हातारपणची कुरकुर सोडून द्या, पण एक मुद्दा गंभीरपणे घ्या. सह्याद्रीतला सुळका म्हणजे बदामी नव्हे. आपला दगड बसाल्ट, थराथरांत मुरूम, मधे कुजकी पट्टी. तिथे मेख मारलीत तर ती किती धरेल ते मेखेलाही ठाऊक नसतं. ट्यूबवर किंवा एटवर पडणाऱ्याला धरताना थोडा दोर हातातून सरकतो. तो सरकलेला दीड-दोन हात दोरच मेखेला वाचवतो. तुमचं ते यंत्र एकदम करकचून धरतं. माणूस थांबतो, पण मेख उपटून येते, मग खालची, मग तिच्या खालची. चेन उघडावी तशा.

अर्धा_पिच
दोरखंडकाका, मुद्दा बरोबर, मात्र 'एकदम करकचून' हे पूर्ण खरं नाही. धरण्याचं निम्मं काम डायनॅमिक दोरच करतो, लांबून.

थोडं गणित (कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका): पडताना वरच्या क्लिपवर (दोर अडकवलेल्या जागेवर) दोन्ही बाजूंचा ताण एकत्र येतो. क्लाइंबरच्या बाजूचा पूर्ण, आणि बिलेअरच्या बाजूचा साधारण दोन तृतीयांश, कारण कॅरॅबिनरवर (दोर ओवायच्या कडीवर) घासून थोडा कमी होतो. म्हणजे मेखेला क्लाइंबरपेक्षा दीडपटीहून जास्त सोसावं लागतं. ट्यूबवर हाताने सुमारे २ किलोन्यूटन ताण धरला जातो, त्यापुढे दोर सरकू लागतो, आणि काका म्हणतात ती उशी मिळते. ग्रिग्रीत दोर सरकायला याहून बराच जास्त ताण लागतो. मग ती उशी बिलेअरने स्वतःच्या अंगाने द्यायची: दोर ताठ होताना एक पाऊल पुढे, किंवा छोटी उडी.

बदामीच्या चांगल्या बोल्टवर हा फरक पोटावर आणि घोट्यांवर जाणवतो, त्यापलीकडे नाही. वजीरवर, वानरलिंगीवर जुन्या मेखांवर लीड करताना मात्र मी आजही ट्यूबच मागतो.

दोरखंड
म्हणजे माझंच म्हणणं, फक्त किलोन्यूटन लावून.

अर्धा_पिच
हो काका. :)

इसारकाठ
म्युनिकहून लिहितोय. इथे टालकिर्शनला आल्पाइन क्लबची प्रचंड मोठी क्लाइंबिंग हॉल आहे. नोकरीसाठी आलो आणि शनिवार-रविवार तिथेच पडीक असतो. जर्मन आल्पाइन क्लब हॉलमध्ये ट्यूबऐवजी मदत करणारी डिव्हाइसंच वापरा असं सांगतो. त्यामुळे इथे तुमच्या यादीतलं जवळपास प्रत्येक यंत्र कुणाच्या ना कुणाच्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) दिसतं.

पण निवडुंगताई, तुमचा धागा दोनदा वाचला आणि मला वाटतं तुम्ही औषध वेगळ्याच दुखण्यावर मागताय. हात भाजला हे एक दुखणं, त्यावर ऑटो-लॉक उतारा आहे. मात्र तुम्ही भिंतीवर आपटलात त्याचं कारण २९ किलोंचा फरक. त्यात ग्रिग्री काडीचीही मदत करणार नाही. उलट ट्यूबमधून थोडा दोर सरकला म्हणून तुम्ही थोड्या कमी उडालात. दोर अजिबात सरकला नाही तर तुम्ही अजून वर जाल. नवरा पहिल्या-दुसऱ्या क्लिपच्या आसपास पडला तर तुम्ही थेट पहिल्या क्विकड्रॉत (बोल्टला दोर अडकवायच्या कड्यांच्या जोडीत) जाऊन अडकाल. डिव्हाइस क्विकड्रॉवर आदळलं तर कॅम किंवा हँडल दाबलं जाऊन लॉक सुटू शकतं, हे सगळ्यात वाईट.

यावर इथे उपाय म्हणजे एडलरिडचं ओम. पहिल्या बोल्टला क्विकड्रॉच्या जागी लावायचं. नेहमी दोर त्यातून सहज जातो. पडल्यावर दोर ओमला वर उचलतो, आतल्या खाचेत घट्ट बसतो आणि घर्षण वाढवतो. क्लाइंबर बिलेअरपेक्षा १० ते ४० किलोंनी जड असेल तर ते उपयोगी. तुमच्यासाठीच बनवलंय म्हणा ना.

घसारा
म्हणजे ग्रिग्री + ओम. बजेट + बजेट. नवऱ्याचं वजन कमी करणं स्वस्त पडेल. (हलके घ्या.)

निवडुंग_फूल
@घसारा: प्रस्ताव घरी मांडला, तीव्र निषेध झाला.

@इसारकाठ: डोळे उघडले. मला वाटत होतं यंत्र घेतलं की गुडघाही वाचेल. ओमबद्दल आमच्या क्लबात कुणी बोलल्याचंही आठवत नाही. तिथे हलक्या बिलेअरला मागच्या दगडाला स्लिंगने बांधतात. ते चालेल का?

इसारकाठ
चालेल, पण स्लिंग थोडी ढिली ठेवा. घट्ट बांधलात तर तुम्ही खांब झालात, आणि नवऱ्याला खांबाला बांधलेल्या दोरावर पडल्यासारखं वाटेल. एवढी सैल असावी की तुम्ही पाऊलभर उचलल्या जाल, पण पहिल्या क्लिपपर्यंत पोचणार नाही. आणि उभं राहताना भिंतीजवळ, पहिल्या बोल्टच्या थोडं बाजूला. भिंतीपासून लांब उभं राहिलं की आधी आडवं खेचलं जाता आणि मग वर. तुमचा गुडघा तसाच आपटला असणार.

एक मात्र सोपं आहे. हलक्या बिलेअरला मऊ कॅच द्यायला, म्हणजे झटका न देता धरायला, उडी मारावी लागत नाही. दोरच उडवतो.

डावखुरी
हा धागा मी उघडायला हवा होता. मी डावरी. ग्रिग्रीची रचना उजव्या हाताने ब्रेक धरणाऱ्यासाठी आहे. डाव्या हाताने चालवायचे जे जुगाड यूट्यूबवर दिसतात त्यातल्या काहींत ब्रेक हँड मधेच सुटतो, त्यांच्या नादी लागू नका. मी सरळ उजव्या हाताने शिकले. दोन महिने हात वेंधळा वाटला, आता वाटत नाही.

ज्यांना डावा हात सोडवत नाही त्यांच्यासाठी वाइल्ड कंट्रीचं रेव्हो बघा. ते दोन्ही बाजूंनी सारखं आहे, दोर कसाही भरला तरी लॉक होतं. तत्त्वही वेगळं: दोराचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर गेला की ते धरतं. उलटं भरण्याची भीती नाही हा मोठा फायदा. पण मोठ्ठं आहे, आणि लॉक होईपर्यंत थोडा दोर जातो.

एडलरिडची जुल मंडळी, मॅमटचं स्मार्ट, क्लिक अप या सगळ्यांत कॅम नसतो, सुटे भाग जवळजवळ नसतातच. दोर ओढला गेला की कॅरॅबिनर पुढे सरकून दोराला डिव्हाइसवर चेपतो. हलकी, स्वस्त, ट्यूबसारखी हाताळता येतात. मात्र त्यांत कॅरॅबिनर हाच यंत्राचा अर्धा भाग असतो. कंपनीने सांगितलेल्या आकाराचाच वापरायचा. बारीक किंवा भलत्या आकाराचा लावला तर चेपण्याची जागाच बदलते.

सुळकेवाला
सगळे बोल्ट आणि हॉल बोलतायत, थोडं सुळक्याचंही बघा. धागाकर्ती पुढे सुळके करणारच आहे.

लिंगाणा असो की वजीर, वर गेल्यावर उतरायचं कसं? रॅपल, म्हणजे दोरावरून सरकत. बहुतेक वेळा दोन पदरी दोरावर, म्हणजे खाली पोचून दोर ओढून घेता येतो. ग्रिग्रीत एकच पदर जातो. दोन पदरांवर उतरायला ट्यूब किंवा एट लागतोच. म्हणजे सुळक्यावर ग्रिग्री नेलंत तरी ट्यूब बरोबर हवीच. वर दोन सेकंडना (मागून चढणाऱ्यांना) एकाच वेळी घ्यायचं असेल तर स्टेशनवरून (वरच्या आधाराला टांगून) गाइड मोडवाली ट्यूब, रिव्हर्सो किंवा तसलं काही, हाताशी लागतं. एका सेकंडला घ्यायला ग्रिग्री स्टेशनला लावून झकास चालतं, तिथे ते माझंही लाडकं आहे.

थोडक्यात, ट्यूब विकू नका.

अर्धा_पिच
+१. गिगा जुलमध्ये एकाच डिव्हाइसमध्ये दोन्ही जमतं: एका मोडमध्ये लॉकला मदत, दुसऱ्या मोडमध्ये साधी ट्यूब, दोन पदरांवर रॅपलही. सुळकेवाल्यांसाठी खरं तर तेच नीट बसतं. पण ताईंचा प्रश्न सतरा वेळा लटकणाऱ्या नवऱ्याचा आहे. त्यासाठी कॅमवालंच.

कोरडा_चॉक
चार कॅमवाली भाड्याने, उसनी घेऊन वापरली आहेत, म्हणून लिहितो.

ग्रिग्री म्हणजे आताचं, २०१९ मध्ये आलेलं. १७५ ग्रॅम, दोर ८.५ ते ११ मिमी. लीडवर भराभर दोर द्यायचा तर ब्रेकच्या दोरावरून हात न काढता तर्जनी बाजूच्या कडेखाली आणि अंगठा क्षणभर कॅमवर, दोर दिला की अंगठा लगेच मागे. हे शिकावं लागतं. नवशिके अंगठा तिथेच ठेवतात, किंवा अख्खं डिव्हाइस मुठीत धरतात. अंगठा कॅमवर असताना पडलं तर तो कॅम धरणार नाही.

ग्रिग्री प्लस २०१७ चं. खाली उतरवताना हँडल घाबरून जोरात ओढलं तर ते स्वतःच लॉक होतं. टॉप रोप (दोर आधीच वरून आलेला) आणि लीड यांतलं निवडायचा खटका आहे. घासणाऱ्या जागी स्टेनलेस स्टील, त्यामुळे वाळूच्या दोरावर जास्त टिकतं. नवशिक्या बिलेअरला बरं. मला तो सारखा लॉक होणारा हँडल डोक्यात जातो.

निऑक्स २०२४ चं. आत फिरणारं चाक आहे, त्यामुळे अंगठा लावल्याशिवायही दोर लोण्यासारखा जातो. लीडसाठी सुंदर. वजन २३५ ग्रॅम. पण चाकामुळेच दोर सहज पळतो, म्हणून ब्रेक हँडने दोर आवळणं इथे जास्तच महत्त्वाचं. ज्यांना 'आपोआप धरेल' अशी सवय लागली आहे त्यांनी घेऊ नये.

पिंच कॅरॅबिनरशिवाय सरळ हार्नेसच्या बिले लूपला बसतं, म्हणून शरीराजवळ राहतं, कॅरॅबिनर आडवा फिरायची भानगड नाही. ८.५ ते १०.५ मिमी. यालाही घाबरून ओढलं तर थांबायची सोय आहे. ताई, तुमच्या क्लबचा १०.५ चा लव आलेला दोर यात जाईल, पण घामाघूम व्हाल. लव आलेला १०.५ हाताला ११ सारखाच लागतो.

मुंब्रेकर
कोरडा_चॉक यांनी चांगलं लिहिलंय. एक भर: बदामीची वाळू दोरात बसते आणि दोर कानशीसारखा कॅम घासतो. दोराखाली चादर अंथरा, आणि रोज रात्री डिव्हाइस कोरड्या ब्रशने झाडा. वर्षभर वापरल्यावर दोर जिथे वळतो तिथे खोबण धारदार झाली आहे का, बोटाने बघा.

ताकाला_जाऊन
भांडं लपवत नाही, सरळ सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी माझ्या मित्राला जमिनीवर पाडलंय. ग्रिग्री हातात असताना.

रूट लांब होता. आमचा दोर ६० मीटरचा, पण एका टोकाला फाटला म्हणून आम्हीच कापलेला, आणि कापल्याचं दोघं विसरलो. तो वर पोचला, मी उतरवायला लागलो, नजर वर त्याच्याकडे. जमिनीपासून दीड पुरुष उंच असताना दोराचं टोक ग्रिग्रीतून सटकलं. कॅम काय धरणार, धरायला दोरच नव्हता. त्याची टाच मोडली. मला आजही तो आवाज आठवतो.

टोकाला गाठ नव्हती. एवढंच. तेव्हापासून दोर पिशवीतून काढला की आधी शेवटच्या टोकाला गाठ, मग बाकी सगळं. या धाग्यात पंधरा-सोळा प्रतिसाद झाले आणि कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिलं.

निवडुंग_फूल
धन्यवाद. हे वाचून आत्ताच दोर काढला आणि टोकाला गाठ मारून परत भरला. मित्र बरे आहेत ना?

ताकाला_जाऊन
बरा आहे. अजून क्लाइंब करतो. बिले माझ्याकडूनच घेतो, पण आधी टोक स्वतः बघतो.

इसारकाठ
इथे हॉलमध्ये याला पार्टनर चेक म्हणतात. निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचं बघायचं: गाठ, बकल, डिव्हाइस, कॅरॅबिनरचं लॉक, दोराचं टोक. अनुभवी लोकच हे सोडतात. लिन हिलसारखी जगातली अव्वल क्लाइंबर १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्सला पडली, कारण हार्नेसची गाठ अर्धवट राहिली होती. झाडाने अडवलं म्हणून वाचली. तिथे कुठलंही डिव्हाइस असतं तरी फरक पडला नसता.

चिकूवाला
अवांतर, पण कामाचं. ऑनलाइन 'ग्रिग्रीसारखं' अर्ध्याहून कमी किमतीत दिसतं, रंगही तोच. मी एक मागवलं होतं. अंगावर ईएन १५१५१-१ चा शिक्का नाही, अनुक्रमांक नाही, दोराची जाडी लिहिलेली नाही, चित्रं पुसट. आता पडद्याच्या दोरीला लोंबतंय. खरं यंत्र साध्या ट्यूबच्या चार-पाच पट महाग पडतं, तेव्हा मोह होतो. पण मोह आवरा.

जुनं, वापरलेलं घेत असाल तर अनुक्रमांक कंपनीच्या यादीत तपासा. २०११ मध्ये ग्रिग्री २ चे काही नग परत मागवले होते. पूर्ण उघडलेल्या हँडलवर फार जोर आला तर ते उघडंच अडकण्याची शक्यता होती. असे नग अजून कुणाच्या ट्रंकेत पडलेले असू शकतात.

दोरखंड
निवडुंग, पुढच्या रविवारी मी पुण्यातल्या भिंतीवर येतो. कोरडा_चॉकला सांग ग्रिग्री, निऑक्स, पिंच ही तिन्ही डबडी आण म्हणून. बघू तुझा हात काय करतो ते. वाळूचं पोतं मी आणतो.

घसारा
काका आणि ग्रिग्री?! पॉपकॉर्न घेऊन येतो.

निवडुंग_फूल
वृत्तान्त. (उशीर झाल्याबद्दल क्षमस्व, दोन रविवार गेले.)

काकांनी खरंच पोतं आणलं. ५० किलोंचं सिमेंटचं पोतं, वाळूने भरलेलं, दुहेरी शिवलेलं. वरून सोडायचं आणि मी धरायचं. ट्यूबवर धरलं, ग्रिग्रीवर धरलं, पिंचवर धरलं. मला वाटलं झाली परीक्षा. मग काका म्हणाले, आता नवऱ्याला चढव, नेहमीसारखा दोर देत राहा, आणि गप्पा मारू. माझ्या मागे ब्रेकच्या दोरावर त्यांनी स्वतःचा हात ठेवला आणि पलीकडे एक गाठही मारली. तिकडे नवऱ्याला डोळ्याने खुणावलं असणार. मी क्लिपसाठी दोर द्यायला अंगठा लावला आणि तो त्याच क्षणी सुटला.

माझा अंगठा कॅमवर तसाच राहिला. दचकल्यावर मी मूठ उघडण्याऐवजी आवळली! दोर सरासर गेला, काकांच्या हाताने आणि गाठीने थांबला. नवरा दोनेक मीटर जास्त खाली आला. मी पांढरी पडले होते. काका शांतपणे म्हणाले, "आता कळलं ना, तुझा अंगठाच सगळ्यात कच्चा आहे." मग संध्याकाळपर्यंत तेच. दोर दे, अंगठा काढ, दोर दे, अंगठा काढ. चाळीसेक वेळा न सांगता पाडलं असेल. शेवटच्या दहात अंगठा आपोआप निघत होता.

निऑक्सवर अंगठ्याचा प्रश्न कमी होता, पण हलक्या हाताने दोर धरायची माझी ट्यूबची सवय तिथे नडली. दोनदा दोर मला हवा होता त्यापेक्षा जास्त गेला. क्लबच्या जुन्या दोरावर पिंचने घाम काढला, कोरडा_चॉक म्हणाले होते तसाच.

निर्णय: ग्रिग्री, साधं. चौघांच्या वर्गणीत. आणि ओमही, पैसे नवऱ्याच्या खिशातून, कारण वजन त्याचं. ट्यूब विकलेली नाही, सुळकेवाला निश्चिंत असावेत.

दोरखंड
डबडं वाईट नाही. मेखांवर नेऊ नकोस एवढंच.

निवडुंग_फूल
हो काका.

जाता जाता शेवटचा प्रश्न. बदामीला जाऊन आलेल्यांना विचारते: तिथली माकडं बॅगा उचकतात असं ऐकलंय. रूटवर असताना खाली सामान कसं ठेवता?

मुंब्रेकर
बॅगेची चेन ती उघडतात. आमची केळी गेली होती. ग्रिग्री हार्नेसलाच ठेवा, दोराच्या चादरीवर एकाने बसा, आणि डबा गाडीत.

घसारा
केळी चौघांच्या वर्गणीत होती का?